हंगामी प्राध्यापक ते कुलगुरू

नोकरीत डावलले जाणे म्हणजे काय, हे बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपण सांभाळलेल्या खुर्चीवर एके दिवशी वयाने धाकटा साहेब येऊन बसतो आणि त्याला टेबल समजावून देण्याचे कामही आपल्याच गळ्यात पडते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाट्याला हे १८७३ मध्ये आले.

जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७ चा. रत्नागिरीच्या शाळेतून ते मुंबईत एल्फिन्स्टनला आले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए.च्या पहिल्याच तुकडीत, १८६२ साली, महादेव गोविंद रानड्यांबरोबर उत्तीर्ण झाले. गंमत अशी, की संस्कृत त्यांनी शिकले ते शास्त्रीमंडळींजवळ बसून, बऱ्याच उशिरा. म्हणूनच की काय, नवख्या मुलाचे पाऊल कुठे अडते हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांची 'मार्गोपदेशिका' ज्यांनी शाळेत गिरवली, त्यांना हे पटेल.

हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी येथे हेडमास्तरकी करून ते एल्फिन्स्टनमध्ये डॉ. बुल्हर यांच्या जागी हंगामी प्राध्यापक झाले. काम चोख होते. पण कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन आले, भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान. भांडारकर साहाय्यक म्हणून राहिले.

इथे दुसरा कुणी मनातून मोडला असता. यांनी त्याच काळात नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेकडे पाठवला. १८७७ मध्ये संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्याने दिली. अर्ज-विनंत्यांपेक्षा हे उत्तर मला जास्त तिखट वाटते!

पुढे कीलहॉर्न गेल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जागा त्यांना मिळाली. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला, पुढच्याच वर्षी गटिंगेनने डॉक्टरेट दिली. १८९१ मध्ये विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला आणि जातीचा रोष पत्करला. व्यासपीठावरून सुधारणा सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते.

१ सप्टेंबर १८९३ रोजी पहिले हिंदी कुलगुरू न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यामागून ते पद भांडारकरांकडे आले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते, त्याचेच १८९५ पर्यंत कुलगुरू!

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितेही तिथे आली. सरकारसाठी गावोगाव हिंडून ती जमवणाऱ्यांत भांडारकर होते, तसे पीटरसनही होते. त्या साहेबाने मिळवलेल्या पोथ्या आज भांडारकरांच्या नावाच्या वास्तूत आहेत.