घराघरात लक्ष्मी पोहोचवणाऱ्या राजा रविवर्मांना स्वतःचाच छापखाना विकावा लागला होता

लक्ष्मी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कमळावर उभी असलेली, चार हातांची, भरजरी साडीतली देवी. सोबत हत्ती. हे रूप आपल्या मनात पक्कं बसवलं ते राजा रविवर्मांनी. पण ज्या धंद्यामुळे हे घडलं, तो मात्र त्यांना परवडला नाही.

रविवर्मांचा जन्म 1848 चा, त्रावणकोरमधल्या किळिमानूरचा. युरोपियन पद्धतीच्या तैलरंगात ते भारतीय माणसं आणि पुराणातले प्रसंग रंगवायचे. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पुरस्कार मिळाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसारखे संस्थानिक त्यांच्याकडून चित्रं करून घेऊ लागले.

अडचण एकच होती. चित्र एक, तेही राजवाड्यात. सामान्य माणसाला ते दिसणार कसं?

त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवराव यांनी त्यांना मार्ग सुचवला होता. मागणी इतकी आहे की एकटा चित्रकार पुरा पडणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्मांनी त्यापुढची उडी मारली. 1894 मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. धाकटे भाऊ सी. राजाराजा वर्मा मदतीला होते.

देवांची रंगीत चित्रं छापणारे ते पहिले नव्हते. पुण्याचा चित्रशाळा प्रेस आधीपासून होताच. पण रविवर्मांच्या छपाईला तैलचित्राचा थाट होता. तो आणायचा तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. एकच कागद एकेका दगडावरून जायचा, आणि तो जरासा सरकला की चित्र बिघडलं.

म्हणजे काम खर्चिक, वेळखाऊ. त्यात 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शहर रिकामं होऊ लागलं. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तरी कर्जाचा डोंगर काही उतरेना. दोघे भाऊ मुळात चित्रकार. चित्रांच्या कामासाठी सतत फिरतीवर असायचे, मग छापखान्याचा हिशोब बघणार कोण?

शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी छापखाना तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकून टाकला. चित्रं छापण्याचे हक्कही त्यासोबत गेले. 1906 मध्ये रविवर्मांचं निधन झालं.

नव्या मालकाने धंद्याचं गणित ओळखलं. देवादिकांच्या चित्रांसोबत जाहिराती, लेबलं, कॅलेंडरं छापायला सुरुवात केली. छापखाना सावरला आणि रविवर्मांच्या नावावरच पुढे कित्येक दशकं चालला. दादासाहेब फाळकेंनीही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं. अखेर 1972 मध्ये लागलेल्या आगीत तो जळाला.

रविवर्मांचा हिशोब तोट्याचाच राहिला. पण ज्या काळात जातीमुळे कित्येकांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या काळात या स्वस्त कागदामुळे देव त्यांच्या भिंतीवर आला. त्याच्या दर्शनासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.