प्रबंधानंतर बाबासाहेब वळले ते शेतीकडे

नरसी नामदेव म्हटले की महाराष्ट्राला संत नामदेव आठवतात. हिंगोली जिल्ह्यातले, कयाधूच्या काठचे हे गाव. आषाढीनंतर परतवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. नामदेवांची पदे गुरुग्रंथसाहेबात असल्याने शीख भाविकही येतात. चोखोबांना जवळ करणारे ते हे नामदेव, म्हणून आम्हालाही या गावाबद्दल आदर आहे. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते इथल्या शिवाराबद्दल. सोयाबीन, हळद, मधूनच तूर. भावाभावांत वाटण्या होत होत दोन एकर, दीड एकर उरलेली शेते. आणि ज्यांच्या नावाचा सातबाराच नाही अशी आपली कितीतरी घरे. हे तुकडे पाहिले की आम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ सालचा एक निबंध आठवतो. जयंतीच्या भाषणांत संविधान असते, चवदार तळे असते, धम्मदीक्षा असते. हा निबंध मात्र क्वचितच असतो.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. तो छापून पुढे पीएच.डी.ची पदवी प्रत्यक्ष हाती पडायला १९२७ साल उजाडले, पण संशोधक म्हणून त्यांची घडण तिथेच झाली होती. त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या जहाजात होती, ते जहाज पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडाले.

आज पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षे संशोधन करणाऱ्यांना पोस्ट-डॉक म्हणतात. त्यांना फेलोशिप असते, ती वेळेवर येत नाही हा भाग निराळा. बाबासाहेबांच्या वाट्याला त्या काळात काय आले? करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई फायली हातात न देता दुरून फेकत. शहरात कोणी घर देईना. पारशी विश्रामगृहात कसेबसे राहिले, तर जात कळताच लाठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढले. मुंबईला परतून त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर व्यवहारावर सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी मिळाली, तेव्हा कुठे घराला आधार झाला. तिथेही प्राध्यापकांसाठीच्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून कुरकुर झालीच.

त्याच १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विषय भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय. ज्या माणसाला शहरात खोली मिळत नव्हती, तो देशाच्या शेतीचा हिशेब मांडत होता.

हा हिशेब तरुणांनी नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. तेव्हाचे जाणकार म्हणत की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी दरिद्री आहे. तुकडे जोडा, शेते मोठी करा, वारसाहक्काला आळा घाला. बडोदा सरकारच्या समितीने १९१७ मध्ये याच विषयावर अहवाल दिला होता. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक कीटिंग किफायतशीर शेताची व्याख्या करत ती अशी, की ज्यावर एक कुटुंब बऱ्यापैकी पोट भरू शकेल ते शेत. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमके इथे. पोट किती मोठे यावरून शेत किफायतशीर ठरत नाही. शेत हा उद्योग आहे. जमीन, राबणारे हात आणि भांडवल यांचा मेळ कसा बसतो त्यावर ते ठरते. अवजारे, बैल, खत, पाणी हाताशी असेल तर थोडी जमीनही पिकते; नसेल तर मोठे शेतही डोईजड. म्हणूनच ते उलटा निष्कर्ष काढतात: आपल्याकडच्या अपुऱ्या साधनांच्या मानाने ही शेते लहान नव्हेत, मोठीच आहेत.

पहिल्यांदा वाचताना आम्हीही इथे अडखळलो. मग हळदीचे उदाहरण डोळ्यांपुढे आले. हळद काढली म्हणजे काम संपत नाही. ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, पॉलिश करावी लागते. ज्याच्याकडे शिजवायचा बॉयलर नाही, तो भाडे मोजतो किंवा ओली हळद पडेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. त्याला आणखी एक एकर दिले तर बॉयलरचे भाडेच वाढेल.

निबंधाचा दुसरा भाग याहून मोलाचा आहे. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, वर्षातला बराच काळ ती रिकामी असतात, आणि रिकामे हातही खातातच. मग बचत कशी व्हावी, भांडवल कुठून उभे राहावे? यावर त्यांचा उपाय उद्योगधंदे वाढवण्याचा होता. शेतीवरचा भार हलका झाला की शेतात पैसा घालता येईल आणि शेते आपोआप योग्य आकाराची होतील. शेतीतल्या जादा श्रमशक्तीवरच्या ज्या सिद्धांतासाठी आर्थर लुईस यांचे नाव जगभर घेतले जाते, तो १९५४ चा. बाबासाहेब त्याआधी छत्तीस वर्षे या प्रश्नाला भिडले होते.

१९२० मध्ये साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मुंबईत रमाईंनी काय सोसले ते आपण सारे जाणतोच.

पुढे ते चळवळीत उतरले, पण १९१८ चा हिशेब त्यांनी सोडला नाही. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान शेतांचे विधेयक आले तेव्हा ते विरोधात उभे राहिले. तुकडे विकायला लावून शेत मोठे करणे म्हणजे लहान शेतकऱ्याला मजूर करणे. त्यापेक्षा मालकी ठेवून एकत्र सहकारी शेती करावी, ही त्यांची भूमिका. १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक, कारण तुटपुंज्या इनामी जमिनीसाठी अख्खे गाव आपल्या माणसांना फुकट राबवत होते. १९३७ मध्ये कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक, आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळावर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा. नरसी नामदेव तेव्हा निजामाच्या राज्यात. यातले काही संमत झाले असते तरी इथल्या माणसाला त्याचा फायदा नव्हता.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या पाणी-योजनांना त्यांनी आकार दिला. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात तर त्यांनी सगळेच स्पष्ट मांडले: शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, योग्य आकाराची शेते जातपात न पाहता गावकऱ्यांना एकत्रितपणे कसायला द्यावीत, पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे, खत राज्याने पुरवावे. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. तीस वर्षांपूर्वीच्या निबंधात ज्या भांडवलाची उणीव दाखवली होती, ते कोणी द्यायचे याचे उत्तर इथे आहे. संविधानात ते आले नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांच्या आठव्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ ला, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. माणसे मुलाबाळांसह तुरुंगात गेली. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. मराठवाड्यात आपल्या लोकांनी दगड-काटे वेचून ही गायराने पिकाखाली आणली. त्यासाठी कित्येकांनी मार खाल्ला, उभ्या पिकात जनावरे सोडलेली पाहिली. त्यांतल्या अनेकांची नावे अजूनही सातबाऱ्यावर नाहीत, आणि ज्यांची आहेत त्यांच्या शेतात विहीर नाही, वीज नाही, बँकेचे कर्जही नाही.