सनद आणि पदवी

चेंबूरच्या डॉ. आंबेडकर उद्यानाकडे संध्याकाळी फिरायला जाण्याचा माझा नेम आहे. गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी बरोबर आली. बी.कॉम. झालेली, एका खासगी कंपनीत नुकतीच लागलेली. काकांनी बँकेत जन्म काढला आहे, तेव्हा त्यांना ठाऊक असणारच, या भरवशावर तिने विचारले, सी.ए. करू, सी.एफ.ए. करू, की जोखीम-व्यवस्थापनाची एफ.आर.एम.? सी.ए. म्हटले की आर्टिकलशिप आली. सी.एफ.ए.च्या तीन पातळ्या नोकरी सांभाळून देता येतात, पण ताळेबंदावर ऑडिटर म्हणून सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. आमच्या वेळी एवढी पंचाईत नव्हती. सी.ए.आय.आय.बी.चे भाग द्यायचे, वाढीव इन्क्रिमेंट घ्यायचे आणि बढतीच्या यादीकडे डोळे लावून बसायचे. मला चटकन उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मनात आले, ज्यांच्या नावाच्या उद्यानापाशी आम्ही बोलत होतो, त्यांच्यापुढेही कधीकाळी असाच पेच होता.

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना सारे ओळखतात. पण त्यांचे पहिले शास्त्र अर्थशास्त्र, हे आपण विसरतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांना बावीस वर्षे झाली होती. वडील त्याच वर्षी वारले होते. घरी रमाबाई आणि तान्हा यशवंत. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ च्या जूनमध्ये त्यांनी लंडन गाठले. तिथे त्यांनी एकाच वेळी दोन दारे ठोठावली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. एक ज्ञानाची पदवी, दुसरी धंद्याची सनद.

दोन्ही अर्ध्यावर राहिल्या. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखात्यात मोठी जागा द्यायची होती, असे चरित्रकार सांगतात. प्रत्यक्षात कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठीबागेत बसून काढला. कोलंबियाचा एम.ए., अर्थशास्त्राचा पंडित, आणि निवारा एका सार्वजनिक बागेचा!

मुंबईत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्स आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढीही काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर गुंतवणूक सल्लागार. या विषयाची इतकी पक्की बैठक असलेली माणसे तेव्हाच्या मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. सुरुवातीला गिऱ्हाईक आलेही. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच येणे थांबले आणि पेढी गुंडाळावी लागली. मी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले. माणसाची पत कशावर ठरते, याचा हा दाखला मला आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडला नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये. मुंबईत हिशेबनिसांसाठी सरकारी डिप्लोमा निघाला तोही त्याच वर्षी. तीन वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा पार पडली की ऑडिटचा परवाना. आजच्या सी.ए.चा हा पणजोबाच म्हणायचा. बाबासाहेबांचे व्याख्यान ऐकायला पुढे इतर महाविद्यालयांतली मुलेही येऊन बसू लागली, पण प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी घेण्याला सहकाऱ्याची हरकत होतीच. एवढ्या पगाराची नोकरी, डोक्यावर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांचे छप्पर. दुसरा कुणी तिथेच स्थिरावला असता. त्यांनी रमाबाईंच्या हाती खर्चापुरते ठेवून बाकी पैसा गाठीला बांधला. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेऊन जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. त्या दोन खोल्यांत रमाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र अडला. ब्रिटिशांच्या चलननीतीवरची त्यातली टीका परीक्षकांना बोचली आणि तो पुन्हा लिहायला सांगण्यात आले. तोवर पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथूनच सुधारित प्रबंध पाठवला आणि वर्षअखेरीस पदवी मिळवली. निष्कर्ष त्यांनी बदलले नव्हते.

आता दोन्ही कागद हाती होते. अर्थशास्त्राच्या बळावर सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी मिळवणे त्यांना जड गेले नसते, असे मला वाटते. त्यांनी वकिली निवडली. सनदेच्या फीचे पैसेही भथेनांनीच दिले. चांगल्या सॉलिसिटरांनी त्यांना कामे देण्याचे टाळले. मुफसलच्या कोर्टांतली लहानसहान प्रकरणे घेऊन दिवस ढकलावे लागले. तरीही वकिलीत कुणी वरिष्ठ नव्हता, बदली नव्हती, आणि समाजाचे काम केले म्हणून खुलासा मागणारे कुणी नव्हते. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ती नोकरीत राहून झाली असती का, हे नोकरी केलेल्या कुणालाही विचारावे.

अर्थशास्त्र वाया गेले नाही. डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांच्या ग्रंथातूनच रिझर्व्ह बँक जन्मली असे हल्ली सरसकट सांगितले जाते, ते ताणलेले आहे. १९३५ साली उभ्या राहिलेल्या त्या बँकेमागे अनेकांचे हात आणि बरीच वर्षांची खटपट होती. पण आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर अधिकाराने बोलणाऱ्या भारतीयांत ते होते, हे निर्विवाद आहे.

वकिली पोटापुरती चालेना म्हणून जून १९२५ पासून त्यांनी आणखी एक काम धरले होते. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या शिक्षणसंस्थेत ते व्यापारी कायदा शिकवायला जात. मार्च १९२८ पर्यंत त्यांनी ते केले. हिशेबनीस होऊ पाहणारी मुले समोर बसत; त्यांच्यात बाजारपेठेतल्या घरांतलीही असतील. ज्या शहरात दहा वर्षांपूर्वी शेअर्सचा त्यांचा सल्ला कुणी घेतला नव्हता, तिथे आता ती मुले कराराच्या कायद्यावर ते जे सांगत, ते वहीत उतरवून घेत होती.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला आणि मग सी.ए.च्या फॉर्मची शेवटची तारीख कधी असते, ते विचारले.