जमनालालजींची बैलांची फोर्ड आणि माझ्या जिप्सीचा डिफरेन्शियल लॉक

गेल्या पावसाळ्यात पवनारजवळच्या पांदणीत माझी जुनी जिप्सी रुतली. आत आजी होती, तिला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचं होतं. फोर बाय फोर लावलं, तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक जागेवरच गरगर फिरत राहिलं. शेवटी शेजारच्या काकांनी बैलजोडी जुंपली, तेव्हा गाडी निघाली. ते बघून आजीला जमनालाल बजाजांची बैल ओढायचे ती फोर्ड आठवली. मला ही गोष्ट नवीच होती. म्हणून लॉकरसाठी पैसे घालण्याआधी मी जमनालालजींबद्दल वाचून काढलं.

त्यांचा जन्म 1889 चा, राजस्थानात सीकरजवळ. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी ते लहानपणीच दत्तक आले. सतराव्या वर्षी आजोबांशी खटका उडाला, तर या मुलाने संपत्तीवरचा हक्क सोडल्याचं पत्र लिहिलं आणि सरळ घर सोडलं! समजूत काढून त्यांना परत आणावं लागलं. पुढे मिळालेली रायबहादूर ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. 1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. 1928 मध्ये त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. आमच्या पवनारला धाम नदीकाठी त्यांचा बंगला होता. 1938 मध्ये तब्येत खालावलेले विनोबा तिथेच राहायला आले.

त्याआधी, 1936 मध्ये, गांधीजी शेगावात राहायला गेले होते. तेच आजचं सेवाग्राम. वर्ध्याहून तिकडे जाणारा रस्ता कच्चा. त्या दिवसांत जमनालालजींच्या फोर्डला बैल जुंपले जायचे. तिला गमतीने ऑक्सफर्ड म्हणत. ऑक्स म्हणजे बैल, त्याच्यापुढे फोर्ड!

आता यातलं टेक्निक बघा. बैल ओढतात तेव्हा जमिनीवर पकड खुरांची असते, चाकं नुसती मागे घरंगळत येतात. इंजिनाच्या गाडीत मात्र चाकांनाच जमीन ढकलायची असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरेन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण साधं डिफरेन्शियल दोन्हीकडे सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात घसरलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि मग दुसऱ्यालाही तेवढाच कमी मिळतो. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि पकड असलेलं चाक गाडी ओढतं.

लॉकरचे मुख्य प्रकार दोन. सिलेक्टेबल लॉकर हवेवर, विजेवर किंवा केबलवर चालतो आणि हवा तेव्हाच लागतो. ऑटोमॅटिक लॉकर आपोआप लागतो, पण डांबरी रस्त्यावर वळताना खटखट करतो. लिमिटेड स्लिप हा मधला पर्याय आहे, तो घसरणं कमी करतो, पूर्ण लॉक करत नाही. फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लॉक कंपनीकडूनच येतात. जिम्नीमध्ये लॉक नाही, ती घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवते.

छोट्या गाडीला आधी मागचा लॉक बघा, कारण पुढचा लावला की स्टीअरिंग जड होतं. कोरड्या पक्क्या रस्त्यावर लॉक काढायलाच हवा, नाहीतर टायर घासतात आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो. आणि दोन्ही चाकांचे टायर काळ्या मातीने लिंपले गेले, तर लॉकही काही करू शकत नाही!

जमनालालजी 11 फेब्रुवारी 1942 रोजी वर्ध्यात गेले. वय फक्त 52. शेवटच्या काळात त्यांनी गोसेवेचं काम हाती घेतलं होतं. मोटार परवडणाऱ्या या माणसाने रस्ता बघून तिला बैल जुंपू दिले, मिरवण्याचा विचार केला नाही.

मीही माझा रस्ता बघितला. माझे टायर पार गुळगुळीत झालेत. म्हणून यंदा चिखलाचे टायर आणि ओढायचा मजबूत पट्टा घेतोय. पुढच्या पावसाळ्याआधी मागे सिलेक्टेबल लॉकर बसवीन, कारण आजीची तपासणी दर महिन्याला असते. तोवर काकांची बैलजोडी आहेच!