सर जमशेटजी जीजीभाई आणि मुंबईचा पांजरपोळ

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाला एका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. बहुतेक मुलांनी शिवाजी महाराज घेतले, मुलींनी सावित्रीबाई घेतल्या. मी सर जमशेटजी जीजीभाई घेतले. त्याला कारण आमचा ढवळ्या बैल आहे. ते पुढे सांगतो.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. ते पारशी होते. त्यांचे लहानपण नवसारीला गेले. नवसारी आपल्याला फार लांब नाही. नवापूरला गाडीत बसले की सुरत येते, आणि सुरतेच्या पुढे नवसारी. घरची गरिबी होती. ते सोळा वर्षांचे झाले तेव्हा आई आणि वडील दोघेही वारले. मग ते मुंबईला नातेवाइकांकडे गेले. त्या घरी जुन्या रिकाम्या बाटल्या विकायचा धंदा होता, म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणू लागले. शाळा फारशी झाली नव्हती, पण हिशेब एकदम पक्का.

पुढे ते जहाजाने चीनला व्यापाराला गेले. एकदा नाही, पाच वेळा. १८०५ साली चौथ्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले. सगळा माल गेला. त्यांना आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला नेले. तिथून कसेबसे मुंबईला परत आले, आणि तरी पाचव्यांदा गेलेच! मी तर गेलो नसतो. त्या व्यापारात ते खूप श्रीमंत झाले. कापसाचा व्यापार होता तसा अफूचाही होता. हे वाचून मला वाईट वाटले. लिहू की नको, असे गुरुजींना विचारले. जे खरे आहे ते सगळे लिहावे, असे गुरुजी म्हणाले.

आता कुत्र्यांची गोष्ट. तेव्हा मुंबईत इंग्रजांच्या कंपनीचे राज्य होते. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम असे. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. जून १८३२ मध्ये लोक चिडले, शिपायांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. पारशी, हिंदू, जैन, मुसलमान सगळे त्यात होते. शेवटी व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, आणि कुत्री मारण्याऐवजी गावाबाहेर न्यायचे ठरले.

पण गावाबाहेर नेऊन खायला कोण घालणार? म्हातारी, लंगडी जनावरे कुठे जाणार? १८ ऑक्टोबर १८३४ रोजी जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांनी मुंबईत पांजरपोळ सुरू केला. पांजरपोळ म्हणजे जनावरांचे घर. तिथे कुत्री, गायी, बैल, पाखरे, सगळ्यांना जागा. तो भुलेश्वरला आहे आणि आजही चालू आहे.

मला सगळ्यात आवडले ते पैशाचे. श्रीमंताने एकदा दान दिले आणि घरी गेला, असे झाले नाही. कारण जनावर रोज खाते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर थोडा थोडा लागा बसवला. कापसाचा व्यवहार झाला की थोडे पैसे पांजरपोळाला. कापसाच्या गाठी आपल्याकडेही बांधतात, म्हणून मला ते लगेच समजले.

आता ढवळ्या. तो माझ्याहून मोठा आहे. यंदा त्याचा पाय गेला, औताला चालत नाही. कडबा महाग आहे. बाबा त्याला बाजारात न्यायचे म्हणतात. बाबांचे चुकते असे नाही, दुसऱ्या बैलालाही खायला लागते. माय काहीच बोलत नाही, पण ढवळ्याला आंबोण आधी देते.

जमशेटजींनी पुढे पुष्कळ दान केले. जे. जे. रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. आमचे आजोबा तिथे डोळ्यांसाठी गेले होते, पण जे. जे. म्हणजे कोण हे त्यांनाही माहीत नव्हते. मी सांगितले. माहीमच्या खाडीवरचा रस्ता जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशांतून झाला. तो १८४५ साली सुरू झाला. १८४२ साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. अशी पदवी मिळालेले ते पहिले भारतीय. १४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले.

हे सगळे लिहून झाल्यावर मी आणि माझा मित्र गावातल्या दुकानांवर गेलो. आपल्या गावात किराण्याची तीन दुकाने, दोन गिरण्या आणि एक खताचे दुकान आहे. आम्ही पैसे मागितले नाहीत, फक्त पांजरपोळाची गोष्ट सांगितली. एका दुकानदार काकांनी आम्हाला हाकलले. गिरणीवाल्या काकांनी मात्र दर आठवड्याला अर्धे पोते कोंडा द्यायचे कबूल केले. पहिले अर्धे पोते मी सायकलवर आणले. बाबांनी ते हातात उचलून पाहिले आणि या बाजाराला ढवळ्याला नेले नाही.