‘न्यूनगंड’ ही कल्पना जगाला देणाऱ्या डॉक्टरला चौथ्या वर्षापर्यंत धड चालताही येत नव्हतं

शाळेतल्या बाईंपासून लग्न जमवणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे न्यूनगंड. पण ही कल्पना जगभर नेणाऱ्या आल्फ्रेड ॲडलर यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. सगळं श्रेय फ्रॉइडच खाऊन जातो.

७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नाच्या वेशीवर, एका ज्यू धान्य व्यापाऱ्याच्या घरी ॲडलर जन्मले. पोराला मुडदूस होता. थोरला भाऊ हुंदडायचा, हा बसून बघायचा. धाकटा भाऊ घटसर्पाने शेजारच्याच बिछान्यात गेला. मग यालाही न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. पोरगं वाचलं. डॉक्टर व्हायचं हे आपण तेव्हाच ठरवलं, असं ते पुढे सांगायचे.

१८९५ साली ते डॉक्टर झाले. दवाखाना थाटला तो प्राटर या जत्रेसारख्या गजबजलेल्या करमणुकीच्या बागेजवळ. तिथले कसरतपटू त्यांच्याकडे यायचे. यातले कितीतरी जण लहानपणी अशक्त होते आणि त्या अशक्तपणाशी झगडतच इथवर पोचले होते. ॲडलर यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. कमीपणा तर प्रत्येकालाच वाटतो, कारण मूल जन्मतःच इतरांवर अवलंबून असतं. माणूस वर चढतो तोही याच भावनेच्या जोरावर. तिच्याखाली दबून त्याने हातपाय गाळले, की मग तो न्यूनगंड.

१९०२ मध्ये फ्रॉइडने त्यांना आपल्या बुधवारच्या बैठकीत बोलावलं. १९११ मध्ये दोघांचं फाटलं ते कायमचंच.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. बरा झालेला सैनिक पुन्हा आघाडीवर पाठवायचा की नाही, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या अनुभवाने त्यांची झोप उडवली. परतल्यावर ते एकच गोष्ट घोळवत राहिले : आपण चार माणसांतले आहोत, त्यांच्या उपयोगाचे आहोत, ही जाणीव असलेलं मन टिकतं.

त्यांचं खरं मोठं काम इथून सुरू होतं. युद्धानंतर व्हिएन्नात समाजवाद्यांची सत्ता होती. ॲडलर आणि सहकाऱ्यांनी शाळांमध्येच मुलांसाठी सल्ला केंद्रं काढली, तीही फुकट. पुढे अशी जवळपास तीस केंद्रं झाली. शिक्षक मुलाची अडचण मांडायचे, मग आईवडिलांशी बोलणं व्हायचं आणि शेवटी मूल आत यायचं. समोर इतर शिक्षक आणि पालक ऐकत बसलेले असायचे. आजच्या समुपदेशकाला हे खटकेल, गोपनीयता कुठे गेली म्हणून. पण ॲडलर यांचा हिशेब वेगळा होता. एका पोराच्या निमित्ताने पन्नास मोठी माणसं शिकली पाहिजेत. मुलाचं काय बिघडलंय यापेक्षा त्याला काय जमतं, मित्र कोण, पुढे काय व्हायचंय, हे ते विचारायचे. शिक्षेच्या जागी धीर, हेच त्यांचं मुख्य औषध.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि ही केंद्रं बंद पडली. ॲडलर तोवर बराच काळ अमेरिकेत राहू लागले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे येणाऱ्या तरुणांत अब्राहम मास्लो होता. याच मास्लोने १९५४ च्या आपल्या पुस्तकात एका प्रकरणाला ‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ हे नाव दिलं. मार्टिन सेलिगमन यांची चळवळ त्यानंतर चार दशकांनी आली.

शेवटचे महिने वाईट गेले. थोरली मुलगी व्हॅलेंटाइन सोव्हिएत रशियात बेपत्ता झाली होती. लोकांना धीर देत गावोगाव फिरणारा बाप स्वतः रात्र रात्र जागत होता. २८ मे १९३७ रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये, व्याख्यान दौऱ्यावर असताना, ते रस्त्यावरच कोसळले आणि गेले. मुलगी स्टालिनच्या छळछावणीत १९४२ मध्ये मेली, हे त्यांना कधीच कळलं नाही.

ॲडलर यांच्या अस्थी एडिंबरातल्या दहनगृहात पडून राहिल्या. कुणाला पत्ताच नव्हता. २००७ मध्ये त्या सापडल्या आणि २०११ मध्ये व्हिएन्नाला परत गेल्या.