मलेरियावर स्वतःची गोळी बनवणाऱ्या डॉ. लिव्हिंगस्टन यांची औषधाचीच पेटी हरवली तेव्हा...

आफ्रिकन सफारी म्हटलं की मसाई मारा, सेरेंगेटी आणि व्हिक्टोरिया धबधबा ही नावं हमखास येतात. यातला व्हिक्टोरिया धबधबा युरोपला माहीत करून देणारे डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असतात. पण सफारीची बॅग भरणाऱ्यांनी त्यांची आणखी एक बाजू माहीत करून घ्यायला हवी. ती आहे मलेरियाशी त्यांनी आयुष्यभर दिलेल्या लढ्याची.

गिरणी कामगार ते डॉक्टर

लिव्हिंगस्टन यांचा जन्म 19 मार्च 1813 चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावचा. घरची गरिबी, त्यामुळे दहाव्या वर्षीच ते सूतगिरणीत कामाला लागले. सकाळी सहा ते रात्री आठ काम आणि त्यातच पुस्तक यंत्रावर उघडं ठेवून वाचन. पुढे ग्लासगोत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मिशनरी डॉक्टर झाले आणि 1841 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचले.

त्या काळी आफ्रिकेच्या आतल्या भागात जाणाऱ्या युरोपियनांना सिंहापेक्षा तापाची भीती जास्त होती. 1841 मध्येच नायजर नदीवर गेलेली ब्रिटिश मोहीम तापाने डझनावारी माणसं गमावून परतली होती. दलदलीतल्या खराब हवेमुळे हा ताप येतो, असं तेव्हा मानलं जायचं. डासांचा यात हात असल्याचं कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं.

घरच्यांच्या तापातून तयार झालेली गोळी

1850 मध्ये लिव्हिंगस्टन पत्नी मेरी आणि मुलांना घेऊन न्गामी सरोवराकडे गेले. तिथे मुलांना तापाने गाठलं. त्यानंतर त्यांनी क्विनीनमध्ये कॅलोमेल, रेवाचिनी आणि जॅलप ही रेचकं मिसळून गोळी तयार केली. ताप आला की वेळ न घालवता ती घ्यायची, हा त्यांचा नियम. त्यांच्या मृत्यूनंतर एका ब्रिटिश औषध कंपनीने त्यांच्याच नावाने ही गोळी विकली.

1853 ते 1856 या काळात त्यांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पार केला. वाटेत अनेकदा ताप आला, पण ते वाचले. त्यांच्या 1857 च्या पुस्तकाने त्यांना घराघरांत पोहोचवलं आणि आफ्रिकेत राहता येतं असा विश्वास इतरांना दिला. या विश्वासाची किंमत मात्र अनेकांनी मोजली.

औषध होतं, पण हाताशी नव्हतं

1860 मध्ये मिशनरी कुटुंबांचा एक गट आजच्या बोत्स्वाना-नामिबिया सीमेवरच्या लिनयांती भागात गेला. काही आठवड्यांत त्यातले बहुतेक जण दगावले. नंतर लिव्हिंगस्टन तिथे पोहोचले, तर 1853 मध्ये मागे ठेवलेली त्यांची बैलगाडी आणि त्यातली औषधपेटी जशीच्या तशी होती. ज्यांना गरज होती, त्यांना ती जवळच आहे याचा पत्ताच नव्हता.

जानेवारी 1862 मध्ये बिशप मॅकेंझी यांची होडी उलटली आणि औषधं पाण्यात गेली. 31 जानेवारीला ते तापाने गेले. तीनच महिन्यांनी, 27 एप्रिलला शुपांगा इथे मेरी लिव्हिंगस्टन यांचा मलेरियाने मृत्यू झाला. या वेळी औषधही होतं आणि नवरा स्वतः डॉक्टर होता, तरी उपयोग झाला नाही.

या मोहिमेत लोकांना रोज थोडं क्विनीन शेरीतून दिलं जायचं. तरीही ताप येतच राहिल्याने ते बंद करण्यात आलं. डोस कमी पडत होता, हे आज कळतं.

मुंबई, नाशिक आणि हरवलेली पेटी

मोहीम गुंडाळल्यावर 1864 मध्ये लिव्हिंगस्टन आपली छोटी बोट झांझिबारहून हाकत थेट मुंबईला आले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तेव्हा नाशिकच्या मिशन संस्थेत शिकत होती. त्यातली काही मुलं आणि मुंबईतले काही शिपाई सोबत घेऊन 1866 च्या सुरुवातीला ते शेवटच्या मोहिमेवर निघाले.

20 जानेवारी 1867 ला घात झाला. नाशिकहून आलेला बराका हा तरुण औषधपेटी जिवापाड सांभाळायचा. त्या दिवशी त्याने एका हमालाशी ओझ्याची अदलाबदल केली आणि तो हमाल पेटीसकट पळाला. ही चोरी म्हणजे आपल्याला मृत्युदंडच, असं लिव्हिंगस्टन यांना वाटलं.

तरी ते पुढे जात राहिले. 1871 मध्ये पत्रकार स्टॅनली यांनी त्यांना उजिजीला गाठलं आणि औषधं दिली, पण तोवर शरीर खंगलं होतं. 1 मे 1873 ला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात ते गेले. मलेरिया आणि आतड्यांतला रक्तस्राव ही कारणं सांगितली जातात. चुमा, सुसी आणि इतर साथीदारांनी त्यांचं हृदय तिथेच पुरलं आणि देह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणला. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट त्या शवपेटीसोबत इंग्लंडपर्यंत गेला.

मलेरिया डासांमुळे होतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना त्यानंतर 24 वर्षांनी, 1897 मध्ये सिकंदराबादला मिळाला.

आज सफारीला जाताना काय कराल?

मलेरिया आपल्याकडेही होतो म्हणून गाफील राहू नका. आफ्रिकेत फॅल्सिपेरम हा घातक प्रकार जास्त आढळतो.

• किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळ्या वय, गरोदरपण आणि इतर आजार बघून ठरतात.
• काही गोळ्या एक-दोन दिवस, तर काही दोन-तीन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात. परतल्यावरही एक ते चार आठवडे त्या चालू ठेवायच्या असतात. मध्येच सोडू नका.
• औषधं चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेत ठेवा.
• संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं क्रीम आणि मच्छरदाणी वापरा. गोळी घेतली तरी हे हवंच.
• केनिया, युगांडासारख्या देशांतून परतताना भारतात यलो फीव्हर लशीचं कार्ड तपासतात. ही लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या.
• परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि आफ्रिकेला गेल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा.